आईकडून लेकीकडे

(आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून लाखो माणसांना गुलाम करून अमेरिकेत नेण्यात आले. त्यांचे घर, गाव, आप्त आणि नावही हिरावून घेतले गेले. अशाच एका अज्ञात स्त्रीने आपल्या भाषेतील एक छोटेसे गाणे कंठात जपून नेले आणि तिच्या लेकी-नातींनी ते सुमारे दोनशे वर्षे टिकवले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात राहणाऱ्या अमेलिया डॉली यांनी गायिलेल्या या गाण्याची आणि ते जपणाऱ्या स्त्रियांची हकीकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे. मौखिक परंपरेचे सामर्थ्य आणि ती टिकवण्याची जबाबदारी यांची जाणीव या पाठातून होते.)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात अटलांटिक महासागराला लागून दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया ही दोन राज्ये आहेत. त्यांच्या किनाऱ्यालगत लहानमोठ्या बेटांची एक रांगच आहे. भरतीचे पाणी आत घेणाऱ्या खाड्या, उंच गवताने भरलेली दलदल आणि मधूनमधून ओकवृक्षांची दाट राई, असा हा प्रदेश. आपल्या कोकणातील खाजणे पाहिलेल्या माणसाला तो फारसा परका वाटणार नाही. या किनाऱ्यावर जॉर्जिया राज्यात हॅरिस नेक नावाचे एक गाव होते. त्या गावात अमेलिया डॉली या कृष्णवर्णीय बाई राहत असत.

अमेलिया काही प्रसिद्ध गायिका नव्हत्या. शेती, मासेमारी आणि कालवे-खेकडे गोळा करणे यांवर जगणाऱ्या गावातील त्या एक सामान्य गृहिणी होत्या. मात्र त्यांना एक गाणे येत होते. ते अवघ्या पाच ओळींचे होते. ते इंग्रजीत नव्हते. त्याचा अर्थ त्यांच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हता. अमेलियांना ते त्यांच्या आईने शिकवले होते. आईचा जन्म गुलामगिरीच्या काळातला. तिलाही ते तिच्या वडीलधाऱ्या बायकांकडून मिळाले होते. गाणे आफ्रिकेतून आलेले आहे, एवढीच आठवण घरात शिल्लक होती.

हे गाणे अमेरिकेत कसे आले, हे समजण्यासाठी आपल्याला इतिहासात थोडे मागे जावे लागेल. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतील सुमारे सव्वा कोटी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेले. त्यांपैकी सुमारे अठरा लाख माणसे वाटेतच मरण पावली. जी जगली, त्यांतील बहुसंख्य ब्राझील आणि वेस्ट इंडीज बेटांकडे गेली. आज आपण ज्याला संयुक्त संस्थाने म्हणतो, त्या भूमीवर थेट आणलेल्यांची संख्या सुमारे चार लाख होती. त्यांतील अनेकांनी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन या बंदरात अमेरिकेच्या मातीवर पहिले पाऊल ठेवले.

चार्ल्स्टनच्या आसपासच्या मळेवाल्यांना भाताची शेती करायची होती. दलदलीत बांध घालणे, भरती-ओहोटीच्या पाण्याचा उपयोग करून खाचरे भिजवणे, रोपे सांभाळणे आणि साळी सडणे, ही कामे त्यांना अवगत नव्हती. पश्चिम आफ्रिकेत मात्र पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत होता. आजच्या सिएरा लिओन देशाच्या आसपासच्या किनाऱ्याला तर व्यापारी ‘भाताचा किनारा’ असेच म्हणत. त्या भागातून आणलेल्या माणसांना चार्ल्स्टनच्या बाजारात विशेष मागणी असे. सिएरा लिओन नदीत बन्स नावाचे एक छोटे बेट आहे. त्या बेटावरील तटबंदीत पकडलेल्या माणसांना डांबून ठेवत आणि तेथून जहाजांवर चढवत. आज तेथे त्या इमारतींचे अवशेष तेवढे उभे आहेत. जी माणसे शेतकरी म्हणून कुशल होती, त्यांचे कौशल्यच अशा रीतीने त्यांच्या दुर्दैवाचे एक कारण ठरले.

या माणसांना मळ्यांवर नवी नावे देण्यात आली. नवरा-बायको, आई-मुले यांची ताटातूट होई. वेगवेगळ्या प्रदेशांतील लोक एकाच मळ्यावर राबत. त्यांच्या भाषा वेगळ्या, आणि मालकाची इंग्रजी तर साऱ्यांनाच परकी. या साऱ्यांतून एक नवीच बोली जन्माला आली. तिला ‘गुल्ला’ म्हणतात. जॉर्जियात तिला आणि ती बोलणाऱ्या लोकांना ‘गीची’ असेही नाव आहे. बेटांवरील हवा रोगट असल्यामुळे मळेवाले वर्षातील बराच काळ दूर राहत. बेटांना जोडणारे पूलही पुष्कळ काळपर्यंत नव्हते. त्यामुळे गुलामांचा एकमेकांशीच अधिक संबंध येई आणि आफ्रिकेतील पुष्कळ गोष्टी तेथे टिकून राहिल्या.

१८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु गुल्ला बोलणाऱ्यांच्या वाट्याला आलेला तिरस्कार संपला नाही. त्यांची बोली म्हणजे अडाणी माणसांची मोडकीतोडकी इंग्रजी होय, असे मोठमोठे विद्वानही म्हणत. या माणसांनी आफ्रिकेतून काहीही बरोबर आणले नाही, त्यांचे सर्व पूर्वसंचित पुसले गेले, असा त्या वेळी समज होता. शाळेत मुलांना ही बोली बोलण्याची लाज वाटावी, अशीच परिस्थिती होती. ज्यांच्याजवळ आपले काही नाही असे सांगितले जात होते, त्यांच्याच एका घरात अमेलिया आपल्या लहान मुलीला, मेरीला, ते पाच ओळींचे गाणे शिकवत होत्या.

विद्वानांचा हा समज खोटा ठरवण्याचे काम लोरेंझो डाऊ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने केले. टर्नर यांचा जन्म १८९० मध्ये उत्तर कॅरोलिना राज्यात झाला. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी एम. ए. ही पदवी घेतली आणि १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९२९ च्या उन्हाळ्यात ते दक्षिण कॅरोलिनातील ऑरेंजबर्ग येथील महाविद्यालयात शिकवण्यासाठी गेले होते. तेथे काही विद्यार्थ्यांचे आपापसातील बोलणे त्यांच्या कानावर पडले. ते बोलणे त्यांना नीट समजेना. इतर विद्वानांनी ज्या बोलीची हेटाळणी केली, त्या बोलीबद्दल टर्नर यांच्या मनात कुतूहल जागे झाले.

१९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत टर्नर त्या किनाऱ्यावरील गावागावांतून हिंडले. त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रणाचे एक अवजड यंत्र असे. त्यात अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर आवाज कोरला जाई. बेटांवर तेव्हा वीज नव्हती, रस्ते धड नव्हते. पण त्याहून मोठी अडचण निराळीच होती. बाहेरून आलेल्या सुशिक्षित माणसापुढे लोक आपली खरी बोली बोलतच नसत. आपली चेष्टा होईल, असे त्यांना वाटे. टर्नर यांनी घाई केली नाही. ते त्यांच्या ओसरीवर बसले, त्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी ऐकत राहिले. हळूहळू लोकांचा विश्वास बसला आणि बंद दारे उघडू लागली.

टर्नर यांना आढळले, की प्रत्येक माणसाला दोन नावे आहेत. एक नाव शाळेतले, चारचौघांत सांगायचे, दुसरे घरातले. आपल्याकडील पाळण्यातल्या नावासारखे ते असे. बाहेरच्यांना हे दुसरे नाव कोणी सांगत नसे. ही नावे आफ्रिकी भाषांतील होती. रोजच्या बोलण्यातही असे शब्द भरपूर होते. तिळाला ते ‘बेने’ म्हणत, भुईमुगाच्या शेंगेला ‘गूबर’ म्हणत. भेंडीसाठी ‘गम्बो’ हा शब्द होता. हे सारे शब्द मूळचे आफ्रिकेतले. टर्नर यांनी अशी सुमारे चार हजार नावे आणि शब्द गोळा केले. ते आफ्रिकेतील अनेक भाषांशी ताडून पाहण्यासाठी त्यांनी लंडनला जाऊन आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. या सर्व परिश्रमांचे फळ म्हणून १९४९ मध्ये गुल्ला बोलीतील आफ्रिकी अंशांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोडकी इंग्रजी म्हणून हिणवली गेलेली बोली तिच्या स्वतःच्या इतिहासासह जगापुढे उभी राहिली.

याच भ्रमंतीत टर्नर हॅरिस नेक येथे अमेलिया डॉली यांच्या घरी गेले. अमेलियांनी यंत्रासमोर ते गाणे म्हटले. टर्नर यांनी शेकडो शब्द टिपले होते. पण आफ्रिकी भाषेतील सलग, अखंड असा मजकूर हाती लागणे ही फारच दुर्मीळ गोष्ट होती. पुढे सिएरा लिओनहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने गाण्याची भाषा ओळखली. ती सिएरा लिओनच्या दक्षिण भागात बोलली जाणारी मेंडे भाषा होती. अमेरिकेत टिकून राहिलेला आफ्रिकी भाषेतील सर्वांत मोठा मजकूर म्हणून आता या पाच ओळींचा उल्लेख केला जातो.

गाण्याचा अर्थ उलगडला तेव्हा अभ्यासकही क्षणभर स्तब्ध झाले असतील. हॅरिस नेकच्या घरात हे गाणे लहान मुलांना खेळवताना, नाचवताना म्हटले जात होते. प्रत्यक्षात ते होते मृताला निरोप देण्याचे गाणे. सर्वांनी मिळून कबरीचे काम पुरे करावे असे ते सांगत होते, मृताच्या जिवाला शांती मिळो अशी इच्छा करत होते आणि अवचित येणारा मृत्यू माणसांना कसा हादरवून सोडतो, याची आठवण देत होते. अर्थ गळून गेला होता, प्रसंग बदलला होता. पण शब्द मात्र आपल्या जागी होते. दोनशे वर्षांनंतरही त्या भाषेच्या माणसाला ते ओळखता येत होते.

टर्नर यांच्या भेटीनंतर काही वर्षांतच हॅरिस नेकवर संकट कोसळले. गुलामगिरी संपल्यावर तेथील एका मळ्याच्या मालकिणीने आपली जमीन मृत्युपत्राद्वारे पूर्वीच्या एका गुलामाला दिली होती. त्या जमिनीवर आणि आसपास विकत घेतलेल्या तुकड्यांवर कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःचे गाव वसवले. घरे, शेते, शाळा, चर्च आणि कालवांचा कारखाना असे ते स्वावलंबी गाव होते. १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी विमानतळ हवा म्हणून सरकारने सुमारे २,६८७ एकर जमीन ताब्यात घेतली. लोकांना निघून जाण्यासाठी अगदी थोडे दिवस मिळाले. गाव उठले, घरे पाडली गेली. युद्ध संपले, तरी जमीन लोकांना परत मिळाली नाही. १९६२ मध्ये तेथे पक्ष्यांचे आणि वन्यजीवांचे अभयारण्य झाले. आपली जमीन परत मिळावी म्हणून १९७९ मध्ये गावकऱ्यांच्या वारसांनी तेथे तंबू ठोकून सत्याग्रहही केला. विस्थापित झालेल्यांत अमेलिया यांचे कुटुंब होते. घर गेले, जमीन गेली. गाणे मात्र मेरीबरोबर राहिले. जी वस्तू डोक्यात आणि ओठांत राहते, ती कोणत्याही हुकमाने ताब्यात घेता येत नाही.

यानंतर जवळजवळ अर्धे शतक लोटले. टर्नर १९७२ मध्ये निवर्तले. त्यांच्या तबकड्या अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या पारंपरिक संगीताच्या संग्रहात सुरक्षित होत्या. दरम्यान गुल्ला लोक आणि सिएरा लिओन यांच्यात नवे संबंध जुळू लागले होते. १९८८ मध्ये सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ मोमोह यांनी दक्षिण कॅरोलिनातील सेंट हेलेना बेटाला भेट दिली. १९८९ मध्ये गुल्ला लोकांचे एक शिष्टमंडळ सिएरा लिओनला जाऊन आले. इतिहासाचे अभ्यासक जोसेफ ओपाला, संगीताच्या अभ्यासक सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचे भाषाशास्त्रज्ञ ताझीफ कोरोमा या तिघांनी टर्नर यांनी नोंदवलेल्या गाण्याचा पुन्हा शोध घ्यायचे ठरवले. आफ्रिकेत हे गाणे अजून कोणाला येत असेल का, हा त्यांचा प्रश्न होता.

कोरोमा यांना गाण्यातील एका शब्दावरून दिशा मिळाली. तो शब्द मेंडे भाषकांच्या एका विशिष्ट भागातच वापरला जात होता. आपल्याकडेही एखाद्या शब्दावरून माणूस मालवणचा की नागपूरचा, हे चटकन ओळखता येते, तसेच हे होते. त्या सुगाव्यावरून श्मिट दक्षिणेकडील खेड्यांतून हिंडू लागल्या. प्रत्येक ठिकाणी त्या अमेलियांच्या आवाजातील ध्वनिफीत ऐकवत. लोक लक्षपूर्वक ऐकत आणि मान हलवून नकार देत. १९९० मध्ये सेनेहुन न्गोला नावाच्या आडबाजूच्या खेड्यात त्यांनी ती ध्वनिफीत लावली. ऐकणाऱ्यांत बेंदू जबाती नावाच्या एक बाई होत्या. गाणे सुरू होताच त्याही ते म्हणू लागल्या.

बेंदू यांचे गाणे आणि अमेलियांचे गाणे यांत थोडा फरक होता; पण मुख्य ओळ एकच होती. बेंदू यांना ते त्यांच्या आजीने शिकवले होते. मेंडे समाजात जन्म आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगांचे विधी सांभाळण्याचा मान स्त्रियांकडे असे. कबरीजवळ मृताला अखेरचा निरोप देण्याच्या विधीला ‘तेंजामी’ म्हणत. मृताने नदी ओलांडून पूर्वजांच्या देशात जावे, अशी त्यामागील कल्पना होती. पहिल्या महायुद्धानंतर गावांत नव्या चालीरीती आल्या आणि हा विधी मागे पडत गेला. त्याबरोबर गाणेही नामशेष व्हायचे. परंतु बेंदू यांच्या आजीने ते सोडले नाही. हे गाणे विसरू नकोस, दूर गेलेली आपली माणसे याच गाण्यावरून ओळखू येतील, असे त्या नातीला बजावत असत. अशा प्रकारे समुद्राच्या दोन्ही तीरांवर दोन घरांतील बायका, एकमेकींची काहीही माहिती नसताना, एकच गाणे जिवापाड जपत होत्या.

आता प्रश्न अमेरिकेतला होता. अमेलियांच्या घरात ते गाणे अजून कोणाला येत असेल का? ओपाला आणि श्मिट जॉर्जियात गेले. अमेलियांची मुलगी मेरी मोरन हॅरिस नेकच्या परिसरातच राहत होत्या. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या जवळ आले होते. आईने शिकवलेले गाणे त्यांना पाठ होते. आपण इतकी वर्षे मुलाबाळांना ऐकवत आलो ते गाणे कोठल्या भाषेतले आहे, त्याचा अर्थ काय आणि ते म्हणणाऱ्या दुसऱ्या एक बाई आफ्रिकेत आहेत, हे त्यांना प्रथमच कळले.

मेरी आणि बेंदू यांची भेट लगेच होऊ शकली नाही. १९९१ मध्ये सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. खेडी जाळली गेली, हजारो माणसे मारली गेली, लाखो बेघर झाली. सेनेहुन न्गोला या गावालाही युद्धाची झळ बसली. लढाईत थोडा खंड पडला, तेव्हा फेब्रुवारी १९९७ मध्ये मेरी मोरन आपल्या कुटुंबासह सिएरा लिओनला गेल्या. ज्या देशातून त्यांच्या पूर्वज स्त्रीला बळजबरीने नेले होते, त्या देशाने त्यांचे पाहुणे म्हणून नव्हे, तर परत आलेली लेक म्हणून स्वागत केले. त्यांनी बन्स बेटावरील ते भग्न तट पाहिले. मग त्या सेनेहुन न्गोला येथे पोहोचल्या. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी, फार वर्षांपूर्वी मागे पडलेला तेंजामीचा विधी पुन्हा केला. ज्या पूर्वज स्त्रीला परमुलखात आपल्या रीतीने कोणी निरोप दिला नसेल, तिला जणू तो निरोप आता मिळत होता. मेरी आणि बेंदू यांनी ते गाणे म्हटले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले.

इतक्या साऱ्या आठवणींतून त्या पूर्वज स्त्रीने नेमके हेच गाणे का जपले असावे, असे गावातील एका वयोवृद्ध माणसाला विचारण्यात आले. त्याचे उत्तर मोठे मार्मिक होते. माणूस दुसरी भाषा बोलायला शिकतो, दुसऱ्या चालीरीती उचलतो. पण आपले माणूस गेले म्हणजे तो रडतो तो आपल्याच भाषेत, आणि त्यावरूनच तो मूळचा कोण हे ओळखावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. या सर्व प्रवासावर १९९८ मध्ये एक माहितीपट निघाला. ‘तुम्ही ज्या भाषेत रडता ती भाषा’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून गुल्ला-गीची लोकांच्या संपूर्ण किनारपट्टीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. ज्या बोलीची एकेकाळी लाज वाटावी अशी स्थिती होती, तिचे जतन करणे ही आता राष्ट्राची जबाबदारी ठरली आहे.

पश्चिम आफ्रिकेत गायनाची थोर परंपरा आहे. माली, सेनेगल, गाम्बिया या देशांत ‘ग्रिओ’ म्हणून ओळखले जाणारे गायक राजघराण्यांच्या वंशावळी आणि पराक्रम पिढीजात पाठ करून गातात. आपल्याकडील शाहीर आणि गोंधळी यांच्याशी त्यांचे नाते सांगता येईल. पण अमेलिया डॉली यांचे गाणे त्या जातीचे नव्हे. ते कोण्या दरबाराने सांभाळले नाही. ते सामान्य घरातील बायकांनी, काम करता करता, आईकडून लेकीकडे दिले. आपल्या जात्यावरच्या ओव्या अशाच आल्या. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडून अशा ओव्या मिळवून ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातील गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती अडगळीत पडली. ओव्या लिहून घेतल्या नसत्या, तर जात्यांबरोबर त्याही गेल्या असत्या.

अमेलियांच्या गाण्याच्या या हकीकतीत दोन प्रकारची माणसे भेटतात. काहींनी जपले आणि काहींनी ऐकून नोंदवले. नुसते जपणारे असते, तर एखाद्या पिढीत धागा तुटला असता आणि कोणाला कळलेही नसते. नुसते नोंदवणारे असते, तर त्यांच्या हाती काहीच लागले नसते. अर्थ कळत नसतानाही एक शब्द न गाळता गाणे पुढच्या पिढीला देणाऱ्या त्या बायकांना आपण काय वाचवत आहोत, हे ठाऊक नव्हते. आईने दिले ते लेकीला द्यायचे, एवढेच त्यांनी मानले. त्यांपैकी बहुतेकींची नावे आज कोणाला माहीत नाहीत. परंतु त्यांच्यामुळेच दोनशे वर्षांपूर्वी हरवलेल्या एका लेकीचे माहेर सापडले.

शब्दार्थ

मौखिक – तोंडी चालत आलेले. खाजण – भरतीचे पाणी शिरणारी खारी, दलदलीची जमीन. पूर्वसंचित – आधीपासून साठवलेले धन किंवा ठेवा. साळी – टरफलासह असलेले भाताचे दाणे. अवगत असणे – माहीत असणे. हेटाळणी – कुचेष्टा. यादवी – एकाच देशातील लोकांचे आपापसांतील युद्ध. विस्थापित – राहत्या जागेवरून उठवलेले. मार्मिक – वर्मावर नेमके बोट ठेवणारे. आशय – मतितार्थ.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमेलिया डॉली कोठे राहत असत?
(आ) अमेलियांच्या गाण्याची भाषा कोणती होती?
(इ) ‘तेंजामी’ म्हणजे काय?
(ई) टर्नर यांचा गुल्ला बोलीवरील ग्रंथ कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांना चार्ल्स्टनमध्ये विशेष मागणी असे.
(आ) गावकरी सुरुवातीला टर्नर यांच्यापुढे आपली खरी बोली बोलत नसत.
(इ) मेरी मोरन आणि बेंदू जबाती यांची भेट लगेच होऊ शकली नाही.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गुल्ला बोलीविषयीचा विद्वानांचा समज टर्नर यांनी कसा खोटा ठरवला?
(आ) हॅरिस नेक गावावर कोणते संकट आले?
(इ) ‘काहींनी जपले आणि काहींनी ऐकून नोंदवले’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
कानावर पडणे, नामशेष होणे, जिवापाड जपणे, डोळे पाणावणे, झळ बसणे.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बायकांना पाठ असलेली ओवी, पाळणागीत किंवा भोंडल्याचे गाणे लिहून घ्या. ते त्यांना कोणी शिकवले, ते कोणत्या प्रसंगी म्हणत आणि त्यातील कोणते शब्द आज वापरात नाहीत, याचीही नोंद करा. वर्गातील सर्वांच्या नोंदींची एक हस्तलिखित वही तयार करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.